एक मिलिमीटरचा किडा आणि डबलबेडची चादर

गावातल्या आंबा बागायतदारांना फुलकिडीची माहिती द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. किडीतलं मला काही कळतं म्हणून नव्हे. मुंबईच्या बँकेतून निवृत्त होऊन देवगड तालुक्यातल्या घरी आलो, तेव्हा सोबत लॅपटॉप आणला होता, एवढंच.

फुलकिडा, म्हणजे आमच्या लोकांच्या तोंडचा थ्रिप्स, जेमतेम एक मिलिमीटरचा. मोहोर खरवडून रस शोषतो आणि हापूसवाल्याच्या वर्षाच्या हिशेबाचे बारा वाजवतो. एवढासा आरोपी ओळखपरेडीला उभा करायचा, म्हणून मी हौसेने एकाच स्लाइडच्या वरच्या अर्ध्यात सहा फोटो बसवले आणि खालच्या अर्ध्यात फवारणीचा २४ ओळींचा तक्ता. वीतभर अंतरावरून सगळं लख्ख दिसत होतं. "किती छान बसवलंय," बायको म्हणाली. आमच्या घरात हा शब्द फक्त मुंबईला जातानाच्या बॅगेसाठी वापरतात, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

देवळाच्या सभामंडपात दोन खांबांना डबलबेडची पांढरी चादर बांधली. प्रोजेक्टर उसना, खाऱ्या दमट हवेत काही पावसाळे काढलेला, भिंगावर बुरशीची नाजूक नक्षी असलेला. जानेवारीतली संध्याकाळ, समुद्रावरून वारा. चादर फुगली की किडा गाभण वाटायचा, वारा पडला की उपाशी.

"ह्यो ठिपको कसलो?" पहिल्या रांगेतून तात्यांनी विचारलं.

"तोच थ्रिप्स."

"माका वाटला तिरफळ."

मागच्या रांगेतून आवाज आला, "आमका तां पण दिसना नाय."

मग तक्ता. 'इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के' असं मी स्वतःच्या हाताने टाइप केलेलं. चादरीपर्यंत पोचता पोचता दशांशचिन्ह वाटेत कुठेतरी उतरलं. तात्यांनी डोळे बारीक करून वाचलं आणि विचारलं, "१७८ टक्के? बाटलेत मावतत कशे?" छत्तीस वर्षं दशांशचिन्ह सांभाळायचा पगार घेतलेल्या माणसाला भर देवळात हे ऐकावं लागलं.

घरी आल्यावर कागदावर हिशेब केला. प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा. उंचीचा निम्मा भाग, म्हणजे ३८४ ठिपके, चोवीस ओळींत वाटला की ओळीला येतात १६. त्यातून ओळींमधली मोकळी जागा वजा. उरल्यासुरल्यात 'क्लोप्रि' या अक्षरांनी आपला काना, मात्रा, वेलांटी आणि दोन जोडाक्षरं घेऊन राहायचं. चाळीतल्या एका खोलीत दोन बिऱ्हाडं बरी राहत असतील.

पण हे नंतरचं शहाणपण. तेव्हा पुतण्या धावून आला. "काका, कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबा. मोठं होतं." दाबलं. खरंच मोठं झालं. फोटो आणि तक्ता यांच्यामध्ये मी शिस्तीत सोडलेली पांढरी जागा चादरभर पसरली. पांढऱ्या चादरीवर पांढरी जागा. लोक दोन मिनिटं ती आदराने पाहत राहिले.

माऊसने ओढत ओढत किड्यापर्यंत पोचलो, तर किड्याच्या जागी आठ-दहा पिवळे चौकोन. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून चार जणांच्या हातून फिरून आलेला, दर मुक्कामाला थोडा थोडा झिजलेला. कालवणात पाणी ओतलं म्हणून त्यातले बांगडे वाढत नाहीत, हे मला माहीत होतं. पण समोर साठ माणसं बसली की माणूस पाणीच ओततो. पुन्हा अधिक दाबलं. आता चारच चौकोन. "किडे कमी झाले," कोणीतरी समाधानाने म्हणालं.

बाहेर पडायच्या गडबडीत बोट 'बी'वर पडलं. स्लाइड चालू असताना ते अक्षर दाबलं की पडदा काळा होतो, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं नाही. "लाईट गेली!" डोक्यावर पंखे गरगरत होते, तरी दोघे जण जनरेटर चालू करायला धावले. एकाने देवापुढची समई माझ्या की-बोर्डवर धरली. पुतण्याने पुन्हा 'बी' दाबलं तेव्हा जनरेटरवाल्यांना वाटलं, आपल्यामुळेच आली.

आणि तेवढ्यात, प्रकाशाला भुललेला एक तपकिरी पतंग उडत आला आणि बरोबर फोटोवर बसला. सभामंडपात हलकल्लोळ. दिसला! पाय दिसले, पंख दिसले, मिश्या दिसल्या. "एवढो मोठो?" "मगे आमच्या बागेत नाय तो." मी ओरडून सांगत होतो की हा तो नव्हे, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदाच काहीतरी सुस्पष्ट दिसत होतं, माझं कोण ऐकणार? खांबावरून पाल आली, दबा धरून बसली आणि पतंग गट्ट केला. टाळ्या पडल्या. फवारणीचा खर्च आणि पालीचा खर्च यांची तुलना पुढची दहा मिनिटं चालली.

शेवटी तात्या उठले. बाहेरच्या कलमाचा एक मोहोर तोडून आणला, माझ्या भाषणाचा कागद उलटा करून त्यावर झटकला आणि खिशातून भिंग काढलं. पिवळट रेघोट्या कागदावर तुरुतुरु चालायला लागल्या. ट्यूबखाली रांग लागली. ज्याला त्याला थ्रिप्स दिसला; काहींनी दोनदा पाहिला.

मी वायर गुंडाळत होतो. तात्या भिंग घेऊन माझ्याकडे आले, लॅपटॉपच्या पडद्यावर टेकवून बराच वेळ वाकून बघत राहिले, आणि गंभीर होऊन म्हणाले, "हडे तर तीन जातीचे असत. लाल, हिरवे, निळे. खच्चून भरलेत. ह्येंका फवारणी खयची?"