भाडं माफ केल्याने तिकीट निम्मं होत नाही

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की नाटकाचं तिकीट महाग आहे ते नाट्यगृहाच्या भाड्यामुळे आणि जीएसटीमुळे, भाडं माफ करा, तिकीट निम्म्यावर येईल, नाहीतरी हॉल रिकामाच पडलेला असतो. मी जळगावात बरीच वर्षं प्रयोग लावतोय भाऊ, म्हणून सांगतो, हे गणित बसत नाही.

समजा 600 तिकिटं गेली, सरासरी 300 ला, म्हणजे 1,80,000 गल्ला. भाडं, एसी, लाइट मिळून 30 हजार धरा, एका तिकिटामागे 50 रुपये झाले. सगळं माफ केलं तरी 300 चं 250 होईल, 150 कसं होणार?

पैसा जातो रस्त्यावर. मुंबई ते जळगाव चारशे किलोमीटरच्या वर, सेटचा टेम्पो, कलाकारांची बस, लॉज, जेवणखाण, बॅकस्टेजच्या पोरांचा भत्ता, वर कलाकारांची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन. मुंबईत हीच मंडळी रविवारी दुपारी एक आणि रात्री एक प्रयोग करून घरी झोपायला जातात, इकडे एका प्रयोगापायी दोन दिवस मोडतात, मग निर्माता कॉन्ट्रॅक्टची, म्हणजे अख्ख्या प्रयोगाची ठरवून घेतलेली रक्कम जास्तच सांगणार ना, आणि ती तिकिटं खपो न खपो आपल्याला द्यावीच लागते. नाशिक, धुळे, जळगाव असा सलग दौरा लागला तर हाच खर्च तिघांत वाटला जातो, खरी बचत तिथे आहे.

जीएसटीचं तर सोडाच, 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला तो लागतच नाही.

आणि रिकामा हॉल म्हणाल तर तो सोमवार ते शुक्रवार रिकामा. शनिवार-रविवारची रात्र मागायला जा, गॅदरिंग नाहीतर सत्कार लागलेला असतो. एकदा माझी पावती फाडलेली तारीख आठ दिवस आधी काढून घेतली, सरकारी कार्यक्रम आला म्हणून. भाडं परत मिळालं पण निर्मात्याला दिलेला अ‍ॅडव्हान्स आणि पोस्टरचे पैसे बुडाले, विकलेल्या तिकिटांचे पैसे घरोघरी जाऊन परत केले, आणि पुढच्या वेळी लोक तिकीट घ्यायच्या आधी विचारायला लागले की प्रयोग नक्की आहे ना.

शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 च्या वर, एसीशिवाय दोन तास कोणी बसत नाही, भाडंच नसेल तर त्याचं वीजबिल कोण भरणार?

मागायचंच तर हे मागा, की सहा महिन्यांतल्या काही शनिवार-रविवारच्या रात्री नाटकासाठी आधीच राखून ठेवा आणि दिलेली तारीख काढून घेऊ नका. भाडं मी पूर्ण भरतो.