पाट्या टाकणं कशाला म्हणायचं?

इथे मेलबर्नला एखाद्याने मन न लावता काम उरकलं की म्हणतात, त्याने ते 'फोन इट इन' केलं. नाटकवाल्यांच्या बोलीतून आलेला हा वाक्प्रचार: रंगमंचावर न येता फोनवरूनच भूमिका उरकली. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला लगेच आपला शब्द आठवला. पाट्या टाकणे.

हिंजवडीतल्या माझ्या भाच्याला गेल्या महिन्यात त्याच्या टीम लीडने हाच शब्द ऐकवला. कारण एवढंच, की काम संपवून तो साडेसहाला निघाला. बाकीचे मॅनेजर उठायची वाट पाहत साडेनऊपर्यंत बसून होते. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, आता मीही बसतो. मेल उघडायचं, बंद करायचं." ऐकून मला फार वाईट वाटलं. साडेसहाला हातातलं काम चोख संपवणाऱ्या मुलाला आपण तीन तास खरोखरच्या पाट्या टाकायला शिकवलं.

आणि तो शब्द आला कुठून? मातीकामावरून. माझी मावशी सांगोल्याकडे रोजगार हमीच्या पाझर तलावावर जायची. खोदलेल्या मातीचं माप घेऊन मजुरी मिळायची, नुसत्या हजेरीवर नाही. पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची, भरावावर ओतायची, परत फिरायचं. चुंबळीखाली तिच्या टाळूवरचे केस झिजून विरळ झाले होते. लहानपणी तिच्या डोक्याला तेल लावताना ती जागा बोटांना लागायची. इतक्या कष्टाच्या कामाचं नाव आपण कामचुकारपणाला दिलं, हे मला आता सहन होत नाही.

घरच्या बातम्या मी रोज वाचतो. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष ९० तासांवर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने आस्थापनांतला कामाचा दिवस नऊवरून दहा तासांवर आणि कारखान्यांतला नऊवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. या सगळ्यात काम कसं झालं याबद्दल कोणी बोलत नाही. बोलतात ते तासांबद्दल.

मी इथे बांधकामावर इंजिनिअर आहे. स्लॅब ओतण्याआधी सळया तपासणं हे माझं काम. परवा सळया बांधणारा एक गडी सव्वातीनला गुडघ्यावर बसून कोपऱ्यातल्या सळईखालचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून वर धरणारे छोटे ठोकळे, काढून पुन्हा लावत होता. मला ते बरे वाटले होते. त्याने टेप लावून दाखवला: दहा मिलिमीटर कमी. सगळं नीट करून साडेतीनला त्याने पक्कड पेटीत टाकली आणि मुलीला शाळेतून आणायला गेला. त्याला कोणी काही म्हटलं नाही. इथे पूर्णवेळ कामाचा आठवडा ३८ तासांचा धरतात.

सगळंच असं नाही, हेही सांगायला हवं. रात्री अकराला पाऊस अंगावर घेत जेवणाचे डबे पोचवणारी आपलीच मुलं मला इथे दिसतात. त्यांच्या तासांना कोणी वाली नाही.

भाच्याला मी म्हटलं, तू साडेसहाला कामावरून ऊठ. तो म्हणाला, "मामा, तुला तिथून बोलायला सोपं आहे. रेटिंग माझं जाईल." खरं आहे त्याचं. म्हणून कायदा लागतो. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क कायद्याने मिळाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्येच लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. ते तिथेच राहिलं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी अनेक वर्षं सभा आणि अर्ज करून मिळवली होती.

माझ्या ट्रामच्या वाटेवर, ट्रेड्स हॉल या कामगार संघटनांच्या इमारतीसमोर, एक स्तंभ आहे. त्याच्या टोकावर तीन आठ कोरलेत: आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास विश्रांती. २१ एप्रिल १८५६ ला इथल्या विद्यापीठाची इमारत बांधणाऱ्या पाथरवटांनी त्यासाठी हत्यारं खाली ठेवली होती. एकेकटे घरी गेले नाहीत. सगळे मिळून संसदेपर्यंत चालत गेले.