कूलर आवळल्याने प्रोसेसर थंड होत नाही

मे महिना लागला की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर कॉम्प्युटरबद्दलचा एक मजकूर फिरू लागतो. 'आपल्या उन्हात प्रोसेसर तापतो तो कूलर सैल असतो म्हणून. स्क्रू जेवढे आवळाल तेवढा थंड. पेस्ट भरपूर लावा. हल्लीच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, तो फुटत नाही. कूलर निघेना तर जोर लावून वर ओढा.' प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, कूलर म्हणजे तिच्यावर बसवलेला पंखा आणि त्याखालचा धातूच्या पट्ट्यांचा हीटसिंक, आणि पेस्ट म्हणजे या दोघांच्या मध्ये लावायचा लेप. मी कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो. हा सल्ला ऐकून बिघडलेली मशीन माझ्या टेबलावर येतात, म्हणून लिहितोय.

आधी आवळण्याचं. कूलर झाकणाला सगळीकडे सारखा टेकला की दाबाचं काम संपलं. बहुतेक कूलरच्या स्क्रूंना स्प्रिंग असते. स्क्रू तळाला टेकून थांबला की तिथेच सोडायचा. त्यापुढे पिळलं तर मदरबोर्ड (प्रोसेसर ज्यावर बसतो तो मुख्य सर्किट बोर्ड) वाकतो. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर कूलर तिरका बसतो, म्हणून समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे फिरवत न्यायचे.

झाकणाचं म्हणणं अर्धंच खरं. २००० च्या सुमाराचे ॲथलॉन, पेंटियम थ्री या प्रोसेसरांची सिलिकॉनची चिप उघडी असायची आणि कूलर तिरका दाबला की कोपरा उडायचा. झाकणाने तो कोपरा वाचवला. पण इंटेलच्या २००४ नंतरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या पिना सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेत असतात. दाब वेडावाकडा पडला की काही पिना नीट टेकत नाहीत आणि मशीनला रॅमचा एखादा स्लॉट दिसेनासा होतो. गिऱ्हाईक नवी रॅम घेऊन येतं, दोष मात्र स्क्रूचा निघतो. लॅपटॉपमध्ये तर चिप आजही उघडीच असते.

पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. ती उष्णता तांब्यापेक्षा कितीतरी कमी वाहून नेते. बारीक फटीतली हवा काढणं एवढंच तिचं काम.

ओढायचा सल्ला मात्र सगळ्यात घातक आहे. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या रायझन प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात. पेस्ट वाळली की कूलर चिकटतो आणि सरळ ओढला की लॉक असूनही प्रोसेसर उपटून हातात येतो, पिना वाकतात. त्याऐवजी मशीन दहा मिनिटं चालवा, पेस्ट मऊ पडेल. मग बंद करून वायर काढा, कूलरची पकड सोडवा, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा आणि मगच उचला.

राहिलं ऊन. खोलीतली हवा ४० अंश असेल तर हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला त्याखाली नेऊ शकत नाही. आपल्याकडे यंत्रमागाच्या कारखान्यातली मशीन जास्त तापतात, कारण सुताची तूस हीटसिंकच्या पट्ट्यांत नमद्यासारखी बसते आणि वारा आत शिरतच नाही. स्क्रूला हात लावण्याआधी ती काढा. मशीन बंद करा, मऊ ब्रश फिरवा, मग ब्लोअर मारा, आणि मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.