हायवेला फुलं आहेतच, स्टेशन रोडला सावली द्या

दरवर्षी थंडी ओसरली की विक्रोळी-घाटकोपरच्या हायवेवरच्या गुलाबी झाडांचे फोटो फेसबुकभर फिरू लागतात. मीही लाइक करते. झाड देखणं आहे, वाद नाही. पण त्या फोटोंत चालणारा माणूस कधी दिसलाय तुम्हाला? ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेनं भर दुपारी पायी जातं कोण! खालून जातात त्या काचा वर केलेल्या, एसी लावलेल्या गाड्या. शिवाय ते झाड ऐन बहरात असतं तेव्हा त्याच्या अंगावर पान जवळपास उरलेलं नसतं.

आता स्टेशनबाहेर या. मी भांडुपची, तुम्ही तुमचं स्टेशन घ्या. वेळ दुपारी साडेबाराची. सकाळची शाळा सुटलेली असते, दुपारची भरायची असते. डोक्यावरून ओढणी घेतलेल्या आया, एका हातात पोर, दुसऱ्या हातात दप्तर. दुसऱ्या घरचं काम उरकून तिसऱ्या घरी निघालेल्या मावशी. सायकलला डबे लटकवलेले डबेवाले. पार्सल घेऊन पत्ता शोधणारी मुलं. पेन्शनच्या कामासाठी बँकेत चाललेले आजोबा, कारण बँकेत सकाळी गर्दी असते असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. आणि या सगळ्या रस्त्यावर जिथे एखादं झाड शिल्लक आहे, त्याच्याखाली चांभार, सरबताची गाडी, भाजीवाली आणि दोन रिक्षा. सावलीची किंमत बाजाराला बरोबर कळलीय. पालिकेच्या हिशेबात ती अजून यायची आहे.

हिशेब होतो तो झाडांचा. २०१८च्या वृक्षगणनेत मुंबईत २९ लाख ७५ हजारांच्या वर झाडं भरली. आकडा ऐकून बरं वाटतं. पण त्यातली निम्म्याहून जास्त खासगी आवारांत, कंपाउंडच्या आत. रस्त्याच्या कडेची झाडं दोन लाखसुद्धा नाहीत, शंभरात सहा-सात. बरं, त्यातही अशोकाच्या नावाखाली लावलेली ती उभी झाडं धरलेली आहेत, ज्यांची सावली त्यांच्या स्वतःच्या बुंध्याबाहेर पडत नाही, आणि शोभेचे पामही आहेत. गणनेत पाम एक आणि पर्जन्यवृक्षही एकच. एक विजेच्या खांबाइतकी सावली देतो, दुसरा दोन्ही फूटपाथ आणि मधला रस्ता झाकतो.

नंतर मियावाकी पद्धतीची जंगलं आली. मोकळ्या प्लॉटवर दाटीवाटीनं रोपं, भोवती कुंपण, दाराला कुलूप. जंगल वाढतंय, चांगलंय, पक्षी येतील. पण त्या कुंपणाबाहेरच्या फूटपाथवरून चालणाऱ्याला त्याचा उपयोग काय? माझं म्हणणं एवढंच आहे: शहरात किती झाडं आहेत हे सांगू नका. स्टेशनपासून शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत, बसस्टॉपपर्यंत दुपारी एक वाजता सलग किती सावलीतून जाता येतं, ते मोजा आणि त्यावर पैसे खर्च करा.

आता कुणीतरी म्हणेलच, मुंबईत कुठे एवढं ऊन, पारा चौतीसच तर असतो. तो चौतीस मोजतात कुठे, हे बघा. वेधशाळेतला तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो, उन्हापासून पूर्ण झाकून. म्हणजे बातम्यांत सांगतात ते तापमान सावलीतलं. आपण चालतो उन्हात. वरून सूर्य, खालून तापलेलं डांबर नाहीतर काँक्रीट, बाजूनं पत्र्याची कुंपणं आणि उभ्या गाड्यांचे बॉनेट. झाडाखाली हवेचं तापमान फार तर अंशा-दोन अंशांनी उतरतं. पण अंगावर पडणारं थेट ऊन थांबतं आणि पायाखालची जमीन तापलेली नसते, त्यामुळे शरीराला जाणवणारा फरक कितीतरी मोठा असतो. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम निदान सुकतो. आपल्याकडे दमट हवेमुळे तो तसाच अंगावरून ओघळत राहतो. पानांतून उडणाऱ्या बाष्पानं हवा गार होते हे शाळेत शिकलोय, पण मुंबईच्या दमटपणात त्या गारव्याचा वाटा थोडाच. इथे कामाला येते ती सावली. आणि वारा. म्हणून खोड उंच आणि छत्री वर, खालून खाडीचं नाहीतर समुद्राचं वारं खेळू शकेल, असं झाड हवं; गच्च झुडपांची भिंत नको.

ही थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर काय झालं ते आठवा. महाराष्ट्र भूषणचा सोहळा, मंचाला छप्पर, समोर लाखोंचा समुदाय उघड्यावर. उष्माघातानं चौदा माणसं गेली. त्या दिवशी तिथे विक्रमी तापमान वगैरे काही नव्हतं.

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट मात्र दिशेची आहे. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुंबई उत्तर-दक्षिण लांबलेली. रेल्वे उत्तर-दक्षिण, एस. व्ही. रोड, एलबीएस, आंबेडकर रोड, सगळे साधारण त्याच रेषेत. या रस्त्यांवर इमारतींची सावली निदान सकाळ-दुपार कुठल्या तरी एका फूटपाथवर पडते. दुपार कलली की पश्चिमेच्या इमारती पश्चिमेच्या फूटपाथला झाकतात, आणि पूर्वेचा फूटपाथ चार-पाच वाजेपर्यंत भाजत राहतो. म्हणजे या रस्त्यांवर झाड लावायला एकच बाजू मोकळी असेल, तर पूर्वेची धरावी.

पण रेल्वे उत्तर-दक्षिण असल्यामुळे स्टेशनमधून फुटणारे रस्ते बहुतेक पूर्व-पश्चिम. आमचा भांडुपचा स्टेशन रोड घ्या, नाहीतर दादरचा रानडे रोड. एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो. मेच्या मध्यावर तर शून्य सावलीचा दिवस येतो, साडेबाराच्या सुमाराला सरळ उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी. अशा वेळी पूर्व-पश्चिम रस्त्याच्या कडेला चाळीस मजली टॉवर उभा केलात तरी भर दुपारी फूटपाथला फारशी सावली मिळत नाही, कारण सूर्य तेव्हा जवळजवळ त्या रस्त्याच्या रेषेतच, डोक्यावर असतो. तिथे डोक्यावर आडवं काहीतरीच लागतं. झाड, नाहीतर छप्पर. सगळ्यात जास्त माणसं पायी जातात ते रस्ते, आणि इमारतींचा काही उपयोग नाही तेही हेच.

हे पूर्वी कुणाला कळत नव्हतं असं नाही. फोर्टात दादाभाई नौरोजी रोडला जा. तेव्हाचा हॉर्नबी रोड. १८९६च्या नियमानं तिथल्या इमारतींना तळमजल्यावर कमानींचा व्हरांडा ठेवणं बंधनकारक होतं. सव्वाशे वर्षं होऊन गेली, सीएसएमटीवरून फ्लोरा फाउंटनकडे माणूस अजून बऱ्याच अंतरापर्यंत त्या कमानींखालून जातो, उन्हातही आणि पावसातही. फेरीवाल्यांची गर्दी असते हे खरं, पण त्यांनाही सावली हवीच की. प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं दादर-माटुंगा वसवलं तेव्हा रस्त्याबरोबर झाडांचा विचार केला. पारशी कॉलनीत, ती वसवणाऱ्या मंचरजी जोशींनी वेगवेगळ्या रस्त्यांना वेगवेगळी झाडं लावून घेतली. त्या झाडांखालून आजही मे महिन्यात चालता येतं. श्रीमंत वस्ती म्हणून तिथे झाडं टिकली, असं कुणी म्हणेल. टिकली त्याचं कारण ते असेलही. लावली गेली ती मात्र आखणीत जागा ठेवली म्हणून.

आणि आताची आखणी? कोस्टल रोडच्या कडेला समुद्राकाठचा लांबलचक पदपथ झाला. पहाटे आणि संध्याकाळी सुरेख. दुपारी तिथे कुत्रंही फिरकत नाही. मेट्रो ३ साठी चर्चगेट-कफ परेडकडची कितीतरी जुनी झाडं गेली. काही उचलून दुसरीकडे लावली, त्यातली बरीचशी मेली. मेट्रो मला हवीय, मी तिनं जाते. पण भुयारातून गारेगार येऊन वर फुफाट्यात बाहेर पडायचं, तर तिकिटाबरोबर टोपीही द्या म्हणावं. सिंगापूरनं मेट्रो स्टेशनच्या चारशे मीटरच्या टापूत शाळा, दवाखाने, वसाहतींपर्यंत छपराचे रस्ते नेले. त्यांच्याकडे पैसा आहे हे मान्य. आपल्याकडे कुठे नाही?

झाडं कुठली, यावरही थोडं भांडण करायचंय. हल्ली सगळ्यांना बहावा हवा असतो, ताम्हण हवा असतो. ताम्हण आपलं राज्यपुष्प, बहावा तर माझाही लाडका. पण बहावा पिवळाधमक होतो तो पानं गाळूनच. गुलमोहराचंही तसंच, वर त्याची मुळं वरवरची, म्हणून वाऱ्यात आधी तोच आडवा होतो. बागेत लावा, चौकात लावा, फोटो काढा. पण चालायच्या रस्त्याला करंज लावा, एप्रिलमध्ये कोवळ्या पालवीनं गच्च भरतो. किनाऱ्यालगत भेंड, खारं वारं सोसणारा. बकुळ सावकाश वाढते, पण मग कायमची. देशी बदाम थंडीत लाल होऊन पानं टाकतो आणि उन्हाळ्याच्या आत आडव्या फांद्यांवर पुन्हा मोठमोठी पानं धरतो. पर्जन्यवृक्ष परदेशातला असला तरी त्याच्याइतकी छत्री दुसऱ्या कुणाची नाही; दहा-बारा वर्षांपूर्वी पिठ्या ढेकूण नावाच्या किडीनं त्यातले कितीतरी वाळून गेले आणि त्यांच्या जागी काय आलं, तर पाम.

छाटणीबद्दल लिहिलं नाही तर माझं डोकं शांत होणार नाही. पावसाळ्यापूर्वीची छाटणी. तिची गरज मला मान्य आहे. झाड पडून दरवर्षी माणसं मरतात, २०२१च्या तौक्ते वादळात एकट्या मुंबईत दोन हजारांवर झाडं कोसळली. वाळलेली, कुजलेली, एका बाजूला झुकलेली फांदी काढलीच पाहिजे. पण ऐन एप्रिल-मेमध्ये ट्रक येतो आणि हिरव्यागार झाडाचा नुसता ठोंब करून जातो. ज्या दीड महिन्यात त्या सावलीची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तेव्हाच ती ट्रकात भरून जाते. हेच काम नोव्हेंबर ते जानेवारीत, झाड ओळखणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली करायला काय हरकत आहे? आणि फांद्या छाटून पडझड थांबत नाही हेही कबूल करूया. बुंध्याला काँक्रीटचा गळफास, आळं बुजवलेलं, रस्ता नवा करताना चर खणून एका बाजूची मुळं तोडलेली. असं झाड जुलैच्या पहिल्या वादळात पडलं की आपण दोष झाडाला देतो. १९७५चा झाडांचा कायदा फांदीबद्दल विचारतो, मुळांचं रक्षण करताना मला तरी कुणी दिसलेलं नाही.

जागा नाही, हे शेवटचं उत्तर असतं. फूटपाथ दोन माणसांचा, त्यात झाड लावलं तर व्हीलचेअर जाणार कुठून? बरोबर. फूटपाथवर लावूच नका. फूटपाथला लागून गाड्यांची जी अखंड रांग उभी असते, तिच्यात दर दोन गाड्यांमागे एका झाडाची जागा काढा. आळं मोठं ठेवा. चालणाऱ्याला सावली, सायकलवाल्याला सावली, आणि खरं म्हणजे उरलेल्या दोन गाड्यांनाही. यावर शिव्या पडतील, माहीत आहे.

सायकलींचा विषय निघाला की बीकेसीतल्या ट्रॅकची चर्चा होते. मुंबईतला खरा सायकलवाला हेल्मेट घालून पहाटे निघत नाही. तो डबेवाला आहे, इडलीवाला आहे, गॅसचे सिलिंडर आणणारा आहे, आणि त्याचा धंदा दहा ते तीनचा. त्याला रंगवलेल्या पट्ट्याआधी डोक्यावर पानं हवीत. बसस्टॉपचंही तेच. छप्पर असतं, पण त्याची सावली पडते मागच्या गटारावर. बाक स्टीलचा, टेकाल तर चटका. मोठं झाड असेल तिथेच स्टॉप सरकवा, पाच-दहा मीटर इकडेतिकडे झालं तर बस चुकत नाही.

पालिका करील तेव्हा करील. पण निम्म्याहून जास्त झाडं खासगी आवारांत आहेत, आणि त्यातली सोसायट्यांमधली तरी आपल्या हातात. कंपाउंडबाहेर झुकलेली फांदी गाडीवर पानं पडतात म्हणून कापायचा ठराव येईल तेव्हा विरोधात हात वर करा. आमच्या सभेत मी केलाय, ठराव तात्पुरता मागे पडलाय, सेक्रेटरी अजून बोलत नाहीत.

कमेंटमध्ये स्टेशनचं नाव, पूर्व की पश्चिम, आणि दुपारी एकला जिना उतरल्यावर सलग सावली कुठपर्यंत मिळते ते लिहा. यादी करून वॉर्ड ऑफिसला आणि नगरसेवकांना पाठवते. भांडुप पश्चिम मीच लिहिते: जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत.