इंग्रजी न येणाऱ्या मुलांचा मारिओ

लहानपणीच्या व्हिडिओ गेमविषयी आमच्या वयाचे लोक लिहितात, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी, कॅसेटमध्ये मारलेली फुंकर, आईचा ओरडा आणि भावंडांची भांडणे यांविषयी भरभरून लिहितात. त्या आठवणी माझ्याही आहेत आणि मला प्रिय आहेत. परंतु ज्या खेळामुळे त्या आठवणी तयार झाल्या, तो खेळ स्वतः किती विचारपूर्वक घडवलेला होता याविषयी फारसे कोणी बोलत नाही, याचे मला अनेक वर्षांपासून वाईट वाटते. मी गेली अठरा वर्षे नाशिकच्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शिकवणे म्हणजे काय हे मला जे थोडेफार उमगले आहे, त्याची सुरुवात सिडकोतील आमच्या घरात, चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर, दादाच्या पाठीमागे बसून झाली, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते.

बाबा अंबडच्या एका कारखान्यात होते. १९९४ च्या दिवाळीत त्यांचा बोनस झाला आणि महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून तो खोका घरी आला. आत एक पांढरे यंत्र, दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक, एक जड ॲडॉप्टर आणि एक पिवळी कॅसेट एवढे सामान होते. टीव्हीच्या मागची अँटेनाची पिन काढायची, तिथे गेमची पिन लावायची आणि मग ट्यूनिंगचे बारीक चाक नखाने फिरवत राहायचे. मुंग्यांच्या पडद्यातून आधी आवाज यायचा, मग वाकडीतिकडी आकृती यायची आणि एका विशिष्ट जागी ती स्थिर व्हायची. ती जागा दादाने चाकावर बॉलपेनने टिंब काढून ठेवली होती. तासाभरात ॲडॉप्टर इतका तापायचा की आई त्याच्याखाली स्टीलची ताटली ठेवत असे.

हे यंत्र म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल होती, हे मला फार उशिरा कळले. मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आले. आमच्या खोक्यावर ना त्या कंपनीचे नाव होते, ना खेळ तयार करणाऱ्या कोणाचे, माहितीपुस्तिकाही नव्हती. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले होते आणि दादाने पहिल्याच संध्याकाळी चिकाटीने यादी खाली सरकवत नेली, तेव्हा तेच पंधरावीस खेळ निरनिराळ्या नावांनी आणि निरनिराळ्या लेव्हलपासून पुन्हा पुन्हा येत असल्याचे आमच्या लक्षात आले. आमची फसवणूक झाली होती, पण त्या पंधरावीस खेळांत उड्या मारत पुढे जाणारा मारिओ होता, बंदूकधारी सैनिकांचा कॉन्ट्रा होता, रणगाड्यांचा खेळ होता आणि बंदुकीने बदके टिपण्याचा खेळही होता, त्यामुळे तक्रार करायला दुकानात कोणी गेले नाही.

माझा नंबर फार कमी वेळा येत असे. दादा, त्याचे दोन मित्र आणि पंचवटीहून सुट्टीला आलेला मावसभाऊ असे चौघे असले की मी पाचवी, आणि पाचव्या माणसाने बघायचे. मी बघत राहिले. तासन्‌तास खेळ बघणाऱ्याला तो खेळणाऱ्यापेक्षा निराळ्या अंगाने कळतो, कारण त्याच्या बोटांना काम नसते आणि डोळ्यांना भरपूर असते.

त्या काळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. मी चौथीत होते. म्हणजे पडद्यावर येणारे एकही अक्षर मला वाचता येत नव्हते, आणि दादाचे मित्रही अक्षरे जुळवण्यापलीकडे गेलेले नव्हते. तरीही पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांना मारिओ खेळता येऊ लागला होता. कोणी शिकवले? त्या वेळी हा प्रश्न कोणाला पडला नाही, मलाही नाही. शिक्षिका झाल्यावर मात्र तो पडला, आणि मग सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल मी पुन्हा, एखाद्या पाठाचे टाचण तपासावे तशी, तपासून पाहिली.

मारिओ पडद्याच्या डाव्या कडेजवळ उभा असतो आणि त्याच्या उजवीकडे सगळी जागा मोकळी असते, त्यामुळे कोणत्या दिशेला जायचे हे सांगावे लागत नाही. थोडे पुढे गेले की प्रश्नचिन्ह असलेला एक चौकोन चमकत असतो आणि समोरून एक लहानसा शत्रू चालत येतो. त्याला धडकलात की मेलात; पण अगदी सुरुवातच असल्यामुळे नुकसान काहीच नसते, पुन्हा तिथूनच निघायचे. दुसऱ्या वेळी माणूस आपोआप उडी मारतो, आणि उडी मारताना एकतर शत्रूच्या डोक्यावर पडून त्याला चिरडतो किंवा वरच्या चौकोनाला डोके आपटून नाणे मिळवतो. दोन्ही गोष्टी चुकून घडतात आणि दोन्ही कायमच्या लक्षात राहतात. पुढच्या चौकोनांपैकी एकातून भूछत्र निघते. आम्ही त्याला कुत्र्याची छत्री म्हणत असू. ते आधी आपल्यापासून लांब, उजवीकडे सरकते, खाली पडते, पाइपला धडकते आणि उलट फिरून थेट आपल्याच अंगावर येते. शत्रूसारखे दिसते म्हणून चुकवायला जावे, तर डोक्यावर विटा असल्यामुळे उडी पुरती बसत नाही आणि ते बहुधा लागतेच. लागल्यावर मारिओ मोठा होतो. अशा रीतीने मुलाला एक चांगली वस्तू, तिची भीती वाटत असतानाही, हाती दिली जाते.

याहून सुंदर जागा लेव्हलच्या शेवटाकडे आहे. तिथे समोरासमोर दोन जिने येतात आणि त्यांच्या मधोमध सपाट जमीन असते. उडी चुकली तर काही बिघडत नाही, पुन्हा चढायचे. त्यानंतर लगेच तसेच दोन जिने पुन्हा येतात, पण या वेळी मध्ये खड्डा असतो. आधी सराव आणि मग परीक्षा, तीही त्याच आकृतीवर. खेळाचे मुख्य कर्ते शिगेरू मियामोतो यांनी पुढे मुलाखतींमध्ये सांगितले आहे की पुढच्या लेव्हल तयार झाल्यानंतर ते पहिल्या लेव्हलकडे वळत. मला ते अगदी पटते. सगळा अभ्यासक्रम डोळ्यांसमोर असल्याखेरीज पहिला पाठ नीट लिहिता येत नाही, हे आम्हा शिक्षकांना माहीत असते, पण तेवढा वेळ क्वचितच मिळतो.

आणि हे सगळे १९८५ साली, ४० किलोबाइट एवढ्या जागेत बसवलेले होते. रोज सकाळी आपल्या मोबाइलवर फुलांचे चित्र घालून शुभ सकाळ म्हणणारा जो निरोप येतो, त्यातले एक चित्र सहसा याहून अधिक जागा घेते. बत्तीस लेव्हल, शत्रू, पाणी, किल्ले आणि कोजी कोंडो यांनी केलेले, आजही अर्ध्या झोपेत गुणगुणता येईल असे संगीत, सगळे त्यातच. जागा वाचवण्यासाठी खेळ घडवणाऱ्यांनी काय काय केले असेल याचा एक पुरावा मला लहानपणीच सापडला होता. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे. फक्त रंग वेगळा. रंगीत टीव्हीवर खेळणाऱ्यांना हे सहसा जाणवत नाही. आमच्या टीव्हीवर सगळेच पांढऱ्याकाळ्याच्या मधले असल्यामुळे मला ते सहज दिसले. मी दादाला सांगितले. त्याने खेळ थांबवला, पडद्याजवळ जाऊन दोन्हींवर बोट ठेवले आणि नंतर कितीतरी दिवस आलेल्या प्रत्येक मित्राला तो ती गोष्ट माझ्या नावाने दाखवत असे. पाचव्या नंबरच्या बघ्याला मिळालेला तो मान मी विसरलेले नाही.

ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीने एक गोष्ट आमच्यापासून लपवूनही ठेवली. मोठे करणारी छत्री आणि एक जास्तीचे लाइफ देणारी छत्री यांचा आकार सारखा आहे, आणि त्या रंगावरून ओळखायच्या असतात. आम्हाला दोन्ही सारख्याच दिसत. कधी आवाज वेगळा येतो आणि मारिओ मोठा होत नाही, हे कळत होते, पण का ते कळत नव्हते. पुढच्या मे महिन्यात पंचवटीत मावशीकडे रंगीत टीव्हीला गेम लावला, विटांमधून हिरवीगार छत्री बाहेर आली आणि आम्ही सगळे एकदम गप्प झालो.

कॉन्ट्राविषयी थोडेच लिहिते, कारण त्याच्यावर सगळ्यांनी लिहिले आहे. आम्हाला येणारे पहिले इंग्रजी अक्षर ‘एस’ होते, कारण ते घेतले की बंदुकीतून पाच दिशांना गोळ्या सुटत. तिसरी लेव्हल धबधब्याची आहे. तिला आमच्या गल्लीत ‘सोमेश्वर’ म्हणत, कारण आम्ही पाहिलेला धबधबा म्हणजे गंगापूर रोडचा सोमेश्वरचाच. त्या लेव्हलमध्ये दोघांनी मिळून वर चढायचे असते, आणि एक जण घाईने पुढे गेला तर पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला जोडीदार खालच्या कडेला मरतो. आमच्या कॉलनीतील मुलांनी एकमेकांसाठी थांबायला जे काही शिकले असेल, त्यात त्या लेव्हलचा वाटा मोठा आहे. ‘थांब, मी आलो नाहीये’ हे वाक्य त्या खोलीत मी जितक्या वेळा ऐकले, तितके नंतर कुठेच ऐकले नाही.

मारिओमध्ये एक जागा मात्र अशी होती की जिथे चित्रांनी काम भागत नव्हते. चौथी लेव्हल किल्ल्यातली असते, तिच्या शेवटी पूल पाडला की एक काटेरी पाठीचा राक्षस खाली लाव्ह्यात पडतो, आणि पुढच्या खोलीत डोक्यावर छत्रीसारखे काहीतरी घातलेला एक ठेंगणा जीव उभा असतो. त्याच्या वर इंग्रजीत दोन वाक्ये येतात. मारिओने जिला सोडवायचे ती राजकन्या हीच, असे आम्ही समजत होतो. मग खेळ संपायला हवा, तर पुन्हा मोकळ्या आकाशाखाली नवी लेव्हल का सुरू होते, यावर खूप वाद झाले. मावसभावाचे ठाम मत होते की ते बोनस आहे. शेवटी शेजारच्या दहावीतल्या ताईला बोलावले. ती अभ्यास टाकून आली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आणि मजकूर पडद्यावर आल्यावर तिने सावकाश अर्थ लावून सांगितले की हा तुमचे आभार मानतोय, पण राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. दादाने रिमोट जमिनीवर ठेवला. मग थोड्या वेळाने विचारले, ‘ताई, किती किल्ले आहेत ते लिहिलंय का?’ तसे लिहिलेले नव्हते. किल्ले आठ आहेत, हे कळायला आम्हाला आणखी एक वर्ष लागले, आणि खेळ साठवून ठेवण्याची सोय नसल्यामुळे मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

आजच्या मुलांच्या हातातल्या मोबाइलमधील खेळांविषयी माझी तक्रार आवाजाची किंवा हिंसेची नाही. माझी तक्रार अशी आहे की त्यातले बरेचसे खेळ मुलावर विश्वास ठेवत नाहीत. सुरुवातीलाच पडद्यावर एक बोट येते आणि इथे दाबा, आता इथे दाबा असे सांगत राहते. मूल चुकण्याआधीच उत्तर देते, आणि मूल खरोखर अडते तेव्हा मात्र जाहिरात बघा किंवा पैसे भरा असे म्हणते. जिथे मदत नको तिथे मदत आणि जिथे हवी तिथे दुकान, ही शिकवण्याची अत्यंत वाईट पद्धत आहे. सगळेच नवे खेळ असे नसतात, हे मला माहीत आहे. पण माझ्या वर्गातील मुलांच्या घरी जे फुकट मिळतात, ते बहुतेक असेच असतात.

म्हणून यंदा मी तसाच एक गेम ऑनलाइन मागवला. अशा नकला अजूनही मिळतात, तीच पिवळी कॅसेट, तोच मोठा आकडा. शनिवारी मुले दप्तर आणत नाहीत, त्या दिवशी शाळेच्या टीव्हीला तो लावला. बदकांची बंदूक चाललीच नाही; ती जुन्या काचेच्या टीव्हीवर क्षणभर उमटणारा पांढरा चौकोन ओळखून काम करते आणि आजच्या पातळ पडद्यांवर तिला तो वेळेवर दिसत नाही. मारिओ मात्र चालला. मी तिसरीच्या सव्वीस मुलांना एवढेच सांगितले की मी काही सांगणार नाही, आणि एक लाइफ गेले की रिमोट पुढच्याला द्यायचा.

पहिली मुलगी पहिल्याच शत्रूला धडकली. दुसऱ्याने उडी मारली आणि नाणे निघाले. भूछत्र आले तेव्हा चौथा मुलगा घाबरून मागे पळत होता आणि ते त्याच्या मागे मागे येत होते. मारिओ मोठा झाला तसा सगळा वर्ग उभा राहिला. जिन्यांपाशी पोहोचायला दोन शनिवार गेले. मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी, जी वर्गात सहसा बोलत नाही, ती तिसऱ्या शनिवारी उठून पुढे आली, पडद्यावर ढगाला आणि मग झुडपाला हात लावला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बाई, हे सारखंच आहे.’ मी होय म्हणाले; त्याहून जास्त मला बोलता आले नाही.

किल्ला पाचव्या शनिवारी पडला. तो ठेंगणा जीव आला, अक्षरे आली. या मुलांना पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे ताईला बोलवावे लागले नाही. तिघांनी मिळून एकेक शब्द जुळवत ती दोन वाक्ये मोठ्याने वाचली. वर्ग क्षणभर शांत झाला. मग कोणीतरी विचारले, ‘म्हणजे अजून किती किल्ले आहेत, बाई?’ मी सांगितले नाही, आणि तोवर पुढच्या मुलाने रिमोटसाठी हात पुढे केला होता.