वल्ह्यांची नाव की मोटरबोट: काशीच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. काशीचे घाट वल्ह्यांच्या नावेतून बघा, दक्षिण टोकाच्या अस्सी घाटाहून निघा आणि पंचगंगा घाटाला उतरा, असं मी लेखात सुचवलं होतं. त्यावर "वल्ह्यांच्या नावेत दीड-दोन तास बसवून तुम्ही पंचगंगेलाच उतरवता. आम्ही मोटरबोटीने तासाभरात राजघाटापर्यंत सगळे ८४ घाट केले," असं तुम्ही लिहिलंय. केलेत, मान्य. पाहिलेत किती?

मोटरबोटीशी माझं वैर नाही. सोबत थकलेली माणसं असतील, हाताशी एकच सकाळ असेल, तर खुशाल तीच घ्या. बऱ्याच बोटी आता सीएनजीवर चालतात, त्यामुळे डिझेलचा धूर कमी झालाय. पण 'हा अहिल्याबाईंचा घाट का हो?' असं विचारेपर्यंत तो मागे पडलेला असतो. निदान मराठी माणसाने तरी हे घाट असे उरकू नयेत. नागपूरकर भोसल्यांच्या घाटावरचा तो दगडी वाडा खालून बघा: नुसती सरळसोट भिंत, खिडक्या काय त्या पार वर. त्याच्या जरा अलीकडे, बायजाबाई शिंद्यांच्या घाटाशी, रत्नेश्वराचं देऊळ चक्क कललंय आणि पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्यात असतो. तिथे नाव दोन मिनिटं थांबवता आली पाहिजे. वल्ही उचलली की झालं.

अस्सीहूनच निघा म्हटलं, त्यालाही कारण आहे. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते, म्हणजे अस्सीहून पंचगंगेकडे जाताना प्रवाह आपल्या बाजूने. परतीला तोच उलटा, नावाड्याचा घाम निघतो आणि आपलीही चुळबुळ सुरू होते. म्हणून पंचगंगेला उतरायचं आणि गल्ल्यांतून कचोरी खात परतायचं. पुढचे घाट राहिले तर राहू देत.

भाडं माणशी निघालं म्हणून तुमचा वाद झाला, ते वाचून वाईट वाटलं. भाडं पूर्ण नावेचं की माणशी, कुठून कुठवर, आणि एकेरी की जाऊन-येऊन, एवढं पाय आत टाकण्याआधी वदवून घ्यायचं. मणिकर्णिका घाटावर चिता जळत असतात, त्याच्यासमोर मोबाइल खिशात ठेवायचा, हेही सोबतच्या मुलांना आधीच सांगा.

सूर्योदय दिसला नाही, ही तुमची तक्रार मात्र बोटीवर ढकलू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असतं, कधी कधी समोरचा काठही दिसत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस जा. आणि संध्याकाळची दशाश्वमेधची आरती पाण्यातून बघायची असेल, तर मिळेल ती बोट घ्या. तिथे सगळ्या एकमेकींना खेटून उभ्याच असतात.