ट्रायलमधून व्हिडिओ निघतच नाही म्हणे!

गणपती जवळ आले की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. कधी घोडबंदरच्या एखाद्या टॉवरमधून येतो, कधी नौपाड्यातल्या मंडळाकडून, मजकूर तोच. ‘सावधान! व्हिडिओ एडिटिंगच्या कुठल्याही ट्रायलमधून व्हिडिओ बाहेर काढता येत नाही, सगळं काम झाल्यावर पैसे मागतात. वॉटरमार्क आलाच तर क्रॉप करा नाहीतर स्क्रीन रेकॉर्ड करा, क्वालिटी तीच राहते. ट्रायल संपली की कामही गेलं. त्यापेक्षा क्रॅक टाका, घरगुती वापराला चालतो.’ खाली अंगठ्यांची रांग.

पहिला मुद्दा सरसकट खोटा आहे. अॅडोब प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरची ट्रायल ७ दिवसांची, पण त्या सात दिवसांत पूर्ण एक्स्पोर्ट होतो, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बाहेर निघते, आणि त्यावर कंपनीचा कसलाही शिक्का, म्हणजे वॉटरमार्क, नसतो. मॅकवाल्यांसाठी फायनल कट प्रोची ट्रायल ९० दिवस चालते, व्हिडिओ तिथेही स्वच्छ निघतो. फिल्मोराचं उलट: वापरा हवं तितकं, पण फुकटात काढलेल्या व्हिडिओवर त्यांचा वॉटरमार्क येणार. टोलनाका प्रत्येकाने वेगळ्या जागी लावलाय, एवढंच.

डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती तर ट्रायलच नाही. तिला मुदत नाही, ३८४० बाय २१६० पर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत बिनवॉटरमार्कचा एक्स्पोर्ट मिळतो. मंडळाच्या व्हिडिओला याहून जास्त काय लागतं? मेख आहे ती स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीतल्या इफेक्टमध्ये. रात्रीच्या आरतीचं मोबाइलवरचं फुटेज घ्या. अंधारात दाणेदार दिसतं म्हणून कुणीतरी दाणे घालवणारं नॉइज रिडक्शन लावतं आणि चित्रावर वॉटरमार्क उमटतो. तो तिथल्या तिथे, प्रीव्ह्यूमध्येच दिसतो. इफेक्ट काढला की जातो. म्हणजे ‘सगळं झाल्यावर’ हा आरोपही इथे लागू होत नाही.

काही अॅप्स मात्र खरोखरच प्रो, म्हणजे विकतचे, इफेक्ट खुशाल लावू देतात आणि एक्स्पोर्टचं बटण दाबल्यावर तोंड उघडतात. ती तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय कंटाळवाणा, पण हमखास: एडिटिंगला हात घालण्याआधी एकच क्लिप घ्यायची, वापरणार असाल ते टायटल नि ट्रान्झिशन लावायचं आणि दहा सेकंदांची फाइल एक्स्पोर्ट करून बघायची. काय अडतंय ते तेव्हाच कळतं.

आता क्रॉप. १९२० बाय १०८० च्या फ्रेममध्ये खालची १०८ पिक्सेलची पट्टी उडवली आणि १६:९ चं प्रमाण राखलं, तर हातात १७२८ बाय ९७२ उरतं. १९ टक्के चित्र गेलं. तेच परत ताणून फुल एचडी केलं की कडा मऊ पडतात, आणि फ्रेम भरून मूर्ती घेतली असेल तर मुकुट किंवा पाट, एक काहीतरी जातंच. वॉटरमार्क मधोमध असला तर क्रॉप करणार कुठून?

स्क्रीन रेकॉर्डिंगची तर गोष्टच सोडा. लॅपटॉपचा स्क्रीन १३६६ बाय ७६८ चा असेल तर रेकॉर्डिंगही तेवढंच. त्यातून साध्या मशीनवर एडिटरचा प्रीव्ह्यू अडखळत चालतो, आणि रेकॉर्ड होतं ते हे अडखळणं. ढोल-ताशाच्या व्हिडिओत टिपरू आधी पडतं, आवाज मागून येतो. वर ही फाइल पुन्हा कॉम्प्रेस होते, मग व्हॉट्सअॅप तिला आणखी एकदा पिळतं. क्वालिटी तीच राहते म्हणे!

काम जातं हेही खरं नाही. प्रोजेक्ट फाइल तुमच्याच डिस्कवर असते, मूळ क्लिप तुमच्याच फोल्डरमध्ये. प्रीमियरमधून ट्रायल चालू असतानाच एक्सएमएल, म्हणजे कट्सची नोंद असलेली फाइल, काढून ठेवली तर कट्स रिझॉल्व्हमध्ये उघडतात. टायटल आणि इफेक्ट बहुधा नव्याने करावे लागतात. बरेचदा ‘गेलेलं’ काम म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट टाइमलाइनवर (क्लिप जोडायच्या पट्टीवर) ओढलेल्या क्लिप असतात. पेनड्राइव्ह ज्याचा त्याला परत गेला की ‘मीडिया ऑफलाइन’ची लाल पाटी झळकते. यात ट्रायलचा काय दोष?

क्रॅकबद्दल, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरबद्दल, फार बोलायला नको, पण ‘घरगुती वापराला चालतो’ हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ६३ब: जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, तरी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय क्रॅकसोबतची पहिली सूचना असते ‘अँटिव्हायरस बंद करा’, आणि सेक्रेटरीसाहेब त्याच लॅपटॉपवर सोसायटीचं नेटबँकिंग करतात. एवढं करून वाचवायचं काय? केडेनलाइव्ह आणि शॉटकट हे एडिटर फुकट आहेत, मुक्तस्रोत आहेत, वॉटरमार्क टाकत नाहीत.

खरी धास्ती मेसेजमध्ये आलीच नाही. प्रीमियरची ट्रायल सुरू करताना कार्ड द्यावं लागतं आणि सात दिवसांत रद्द केली नाही तर सबस्क्रिप्शन आपोआप चालू होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे असे आपोआप होणारे पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी, पण विसर्जनाच्या गडबडीत मेसेज कोण वाचतं? म्हणून सगळ्यांकडून फुटेज गोळा झाल्यावरच ट्रायल सुरू करा. आधी केलीत तर सातही दिवस ‘अरे, तुझ्या क्लिप पाठव ना’ करण्यातच जातील.